पेट्रोल गोठत नाही, पाणी गोठते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

हिवाळ्यात मनालीला किंवा गुलमर्गला जाऊन आलेल्यांनी तिथली 'स्नो स्कूटर' नक्की पाहिली असेल. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा आणि वर मोटारसायकलसारखी बैठक. आपल्यासाठी ती दहा-पंधरा मिनिटांची गंमत. उत्तर अमेरिकेत मात्र तिला 'स्नोमोबाइल' म्हणतात आणि हिवाळ्याचे चार-पाच महिने ती तिथल्या खेड्यापाड्यांतल्या जगण्याचाच भाग असते. एकट्या मिनेसोटा राज्यात या गाड्यांसाठी आखलेल्या वाटांची लांबी सुमारे ३५ हजार किलोमीटर भरते. त्या राज्यात मी एकवीस वर्षे राहिले आणि इंधनाची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी केली. त्यामुळे आज बोलणार आहे ते या गाडीच्या पोटातल्या पेट्रोलविषयी. ते खराब कसे होते, झाले तर काय होते आणि होऊ नये म्हणून काय करायचे, एवढाच विषय.

आधी गाडीची थोडी जन्मकथा सांगते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हॅल्कोर नावाचे छोटे गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा मेकॅनिक राहत असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फाने बुजले होते आणि बर्फावरून चालेल अशी गाडी तयार नव्हती, त्यामुळे मुलाला इस्पितळात नेता आले नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीचा ध्यास बोंबार्डिएला लहानपणापासूनच होता. पुढे १९३७ मध्ये त्याने पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीचे पेटंट मिळवले आणि १९५९ मध्ये एक-दोन माणसांची हलकी 'स्की-डू' बाजारात आणली. म्हणजे आज सहलीची वाटणारी ही गाडी मुळात इस्पितळात वेळेवर पोचण्याच्या गरजेतून आलेली आहे. ती मध्येच बंद पडणे म्हणजे काय, हे यावरून लक्षात यावे. पुण्यात स्कूटर बंद पडली तर आपण ती ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेतो. गोठलेल्या सरोवराच्या मध्यावर, उणे पंचवीस अंशांत, वारा सुटलेला असताना गाडी बंद पडली, तर प्रश्न गाडीचा उरत नाही, माणसाचा होतो.

आपल्याकडे 'पेट्रोल खराब आहे' म्हटले की पहिली शंका भेसळीची येते, आणि भेसळ म्हटले की रॉकेल आणि ते मिसळणारी माणसे आठवतात. २०११ मध्ये मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जाळून मारले, ती घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. मिनेसोटात मला जे खराब नमुने पाहायला मिळाले, त्यांत असा हेतू क्वचितच असे. तिथे पेट्रोल बिघडवणारे तिघे असतात: पाणी, हवामान आणि काळ.

पहिले पाणी. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. टाकीत पाणी गेले की ते तळाशी बसते, आणि इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळाजवळूनच पेट्रोल उचलते. तिथल्या थंडीत पेट्रोल गोठत नाही. गोठते ते पाणी. कार्ब्युरेटरच्या ज्या छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल जाते ते सुईच्या टोकासारखे बारीक असते. तिथे बर्फाचा एक कण अडकला तरी पुरतो. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत जेट नसला तरी नळी आणि फिल्टर असतातच, आणि बर्फ तिथे साचतो.

हे पाणी येते कुठून? पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत वितळलेल्या बर्फाचे पाणी झिरपते. अर्धवट भरलेल्या टाकीतली हवा थंडगार झाली की तिच्यातली वाफ थेंबाथेंबाने भिंतीवर धरते. आणि सर्वांत साधे कारण म्हणजे भुरभुर बर्फ पडत असताना टाकीचे झाकण उघडले की झाकणावरचा बर्फ सरळ आत जातो.

दुसरा मुद्दा इथेनॉलचा. मिनेसोटा मक्याचे राज्य आहे. १९९७ पासून तिथे वर्षभर सगळीकडे पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल घातले जाते. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. थोडे पाणी ते आपल्यात सामावून घेते आणि इंजिनात जाळूनही टाकते, हा त्याचा गुणच आहे. पण त्याला मर्यादा आहे. पंधरा अंश तापमानात असे पेट्रोल सुमारे अर्धा टक्का पाणी धरू शकते. ४० लिटरच्या टाकीत हे जेमतेम पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर झाले. थंडी वाढली की ही क्षमता आणखी घटते. मर्यादा ओलांडली की दूध फाटावे तसे पेट्रोल फाटते. इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी जातात, आणि वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन उतरतो. एकदा असे फाटलेले पेट्रोल ढवळून पुन्हा वापरण्याजोगे होत नाही. ते काढून टाकावेच लागते.

म्हणूनच मिनेसोटाच्या कायद्यात एक सवलत ठेवलेली आहे. जुन्या जपलेल्या मोटारी, होड्या, बागकामाची यंत्रे आणि स्नोमोबाइल यांच्यासाठी इथेनॉल नसलेले प्रीमियम पेट्रोल विकता येते, आणि पंपावर तशी पाटी असते. गाडी रोज वापरात असेल आणि पेट्रोल ताजे असेल, तर १० टक्के इथेनॉलचे पेट्रोलही बहुतेक गाड्यांना चालते. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल, तेव्हा ही पाटी शोधावी. १५ टक्के इथेनॉलचे पेट्रोल मात्र स्नोमोबाइलमध्ये घालायला तिथे कायद्यानेच बंदी आहे. स्वस्त म्हणून अनेकांचा हात त्या नळीकडे जातो, त्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

तिसरा शत्रू काळ. पेट्रोल काही महिने उभे राहिले की त्यातला चटकन उडणारा भाग निघून जातो, हवेशी संयोग होऊन चिकट डिंकासारखा थर तयार होतो आणि तो जेटमध्ये बसतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे. थंड देशांत तेलकंपन्या हिवाळ्यासाठी वेगळे, लवकर वाफ होणारे पेट्रोल बनवतात. उन्हाळ्यात कॅनमध्ये भरून ठेवलेले पेट्रोल डिसेंबरात गाडीत ओतले, तर ते स्वच्छ असूनही गाडी सुरू व्हायला कुरकुरते.

आता एक प्रसंग. मिनेसोटा आणि कॅनडा यांच्या सीमेवर 'लेक ऑफ द वुड्स' नावाचे अफाट सरोवर आहे. हिवाळ्यात लोक त्याच्या गोठलेल्या पृष्ठभागाला भोके पाडून मासेमारी करतात. एका फेब्रुवारीत आम्ही शेजारची मंडळी तीन गाड्या घेऊन तिथे गेलो होतो. आदल्या आठवड्यात दोन दिवस ऊन पडून बर्फ वितळला होता आणि मग पुन्हा कडक थंडी पडली होती. आमच्या गाडीत गावातूनच पेट्रोल भरलेले होते. दुसऱ्या दोघांनी किनाऱ्यालगतच्या एका छोट्या पंपावर भरले. किनारा सोडून आठ-नऊ किलोमीटर गेल्यावर पहिली गाडी अडखळू लागली. हळू चालवली तर चाले, वेग दिला की गुदमरे. मग बंदच पडली. दहा मिनिटांत दुसरीचीही तीच गत. आमच्यातले सर्वांत वयस्कर आजोबा जन्मभर बर्फात शेती केलेले. त्यांनी इंजिनाला हातही न लावता विचारले, "या दोघींनी पेट्रोल एकाच ठिकाणी घेतले ना?"

उजेड तासाभराचाच उरला होता. गाड्या तिथेच सोडायच्या, असे आजोबांनी ठरवले. आमच्या गाडीला स्लेज बांधून दोन खेपांत सगळ्यांना किनाऱ्यावर आणले. दुसऱ्या दिवशी गाड्या ओढत आणल्या आणि टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत काढले. तळाशी भिजवलेल्या साबुदाण्यासारखे बर्फाचे कण बसले होते. एका गाडीचे काम टाकी आणि फिल्टर साफ करण्यावर भागले. दुसरीच्या मालकाने ती अडखळत असतानाही वेग देत राहण्याचा प्रयत्न केला होता, तिचा पिस्टन खरवडला गेला.

असे का, हे समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोलची वाट अर्धी बुजली की इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी जाते. असे मिश्रण अधिक तापते, शिवाय पेट्रोलची वाफ होताना इंजिनाला जो गारवा मिळतो तोही कमी होतो. टू-स्ट्रोक इंजिनात हे फार लवकर अंगाशी येते. बाहेर उणे पंचवीस आणि आत पिस्टन वितळतो आहे, अशी ही विचित्र अवस्था असते. म्हणून पहिला नियम: वेग दिल्यावर गाडी गुदमरत असेल तर तिला आणखी पिळू नका. थांबवा.

बाकीचे नियमही साधेच आहेत. पेट्रोल जिथे खप मोठा आहे अशा पंपावर घ्यावे, म्हणजे ते ताजे असते. टँकर रिकामा होत असेल तर थोडे थांबावे किंवा पुढच्या पंपावर जावे, कारण त्या वेळी टाकीच्या तळाचा गाळ आणि पाणी ढवळले जाते. झाकणावरचा बर्फ आधी पुसावा, मगच ते उघडावे. कॅनमध्ये भरायचे असेल तर कॅन गाडीच्या हौद्यात न ठेवता जमिनीवर ठेवावा. कोरड्या थंड हवेत स्थिर वीज साचते आणि एका ठिणगीने वाफ पेट घेते. कॅनचे रंगही पाळावेत. तिथे लाल कॅन पेट्रोलचा, पिवळा डिझेलचा, निळा रॉकेलचा. अंधारात घाईने चुकीचा कॅन ओतल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

ऑक्टेनचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. आपल्या लोकांचा इथे गोंधळ होतो, कारण अमेरिकेतला आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात. तिथले ८७ म्हणजे साधारण आपल्याकडचे ९१. पुस्तिकेत ९१ मागितले असेल तर तिथे प्रीमियमच घ्यावे लागते.

पाणी शोषण्यासाठी तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या छोट्या बाटल्या मिळतात. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलमध्ये त्या उपयोगी पडतात. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आधीच असेल, तर बाटलीभर अल्कोहोलने फारसा फरक पडत नाही. आणि हंगाम संपला की टाकीत ताजे पेट्रोल भरून त्यात स्टॅबिलायझर घालावा, ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचावे म्हणून इंजिन काही मिनिटे चालवावे, मग कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करावी. या अर्ध्या तासाच्या कामाने पुढच्या हिवाळ्याची निम्मी दुखणी टळतात.

एवढे करूनही गाडी बंद पडू शकते. म्हणून एकट्याने जाऊ नये, जाण्याची वाट आणि परतीची वेळ घरी सांगून जावी, आणि बंद पडल्यावर अंधारात पायी निघू नये. गाडीजवळ, वाऱ्याच्या आडोशाला थांबणाऱ्याला शोधणे सोपे असते.

आता कुणी म्हणेल, हे सगळे आम्हाला कशाला? आपल्याकडे ऊस आहे, मका आहे आणि त्यांच्यापासून बनणारे इथेनॉलही. देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के मिश्रण २०२२ मध्ये साधले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत मजल गेली. इथेनॉल जास्त असले की पेट्रोल फाटण्यापूर्वी अधिक पाणी सामावते, हे खरे. पण आपला पावसाळा चार महिन्यांचा असतो. पंपाच्या टाकीत पाणी शिरून एकाच सकाळी अनेक गाड्या बंद पडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. बर्फ नसला तरी नियम तेच लागू पडतात. महिनोन् महिने उभी राहणारी स्कूटर जुन्या पेट्रोलवर सुरू करण्याचा हट्ट धरू नये. पावसात टाकी उघडताना आडोसा करावा. पेट्रोल भरल्याबरोबर गाडी अडखळली तर किक मारत बसू नये. टाकी रिकामी करून घ्यावी, बिल जपून ठेवावे आणि पंपावर तक्रार नोंदवावी. फिल्टर पेपरची चाचणी मोफत मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. ती भेसळीचा डाग दाखवते, पाणी दाखवत नाही, एवढे ध्यानात असू द्यावे. पाणी पाहायचे तर मेकॅनिकला टाकीच्या तळातले पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढायला सांगावे आणि दहा मिनिटे ते हलवू नये. तळाशी वेगळी रेघ दिसली, तर दोष गाडीचा नाही हे कळते, आणि इंजिन खोलण्याचा खर्च वाचतो.