लाल डब्यातून कळसूबाई: वैराग ते बारी, पाच गाड्या

बरेच जण विचारतात, की पुण्या-मुंबईत राहत नसू, स्वतःची गाडी नसेल, तर सह्याद्रीत ट्रेकला जायचं कसं? प्रश्न बरोबर आहे. ट्रेकचे निम्मे व्हिडिओ पुण्यातून रात्री अकराला सुटणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरपासूनच सुरू होतात. मी वैरागचा, बार्शी तालुका, जिल्हा सोलापूर. आमच्याकडून कळसूबाईचा पायथा, म्हणजे बारी गाव, साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. थेट गाडी नाही. त्यामुळे आजच्या भागात डोंगर कमी आणि एसटी जास्त.

सोबत होते आण्णा, माझे वडील. वय ६६. मी म्हणालो, कार भाड्यानं करू. तर म्हणाले, "माझं अर्धं तिकीट हाय की. डिझेल कशाला जाळतोस?" विषय संपला.

पहाटे साडेपाचला वैराग, मग बार्शी. तिथून परांडा, करमाळा, मिरजगाव करत नगर. परांड्याचा भुईकोट लागतो तिकडं, कधीतरी उतरून बघा, सुंदर आहे. या टप्प्यात डोंगराचं नाव नाही. ऊस, तूर, ज्वारीसाठी मोकळी ठेवलेली रानं, आणि मध्येच रस्त्याचं काम. खडीवरून गाडी चालली की खिडकीच्या काचांचा असा काही आवाज होतो की इअरफोनमध्ये तुम्ही काय लावलंय त्याला अर्थ राहत नाही. मागचं सीट टाळा. मधलं घ्या, दोन्ही चाकांच्या मधलं. हा या भागातला सगळ्यात उपयोगी सल्ला समजा.

नगरला एक लक्षात ठेवायचं. तिथं माळीवाडा, तारकपूर आणि पुणे स्टँड अशी तीन बसस्थानकं आहेत. उतरायचं एकीकडं आणि पुढची गाडी दुसरीकडं, असं होऊ शकतं, म्हणून आधीच्या गाडीतच कंडक्टरला विचारून घ्या. आणि हो, राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली ती पुणे-नगर याच मार्गावर. आण्णांना मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "मग आता वडापाव खाऊ."

नगरपासून खरा प्रवास सुरू होतो असं माझं मत. राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर. कोल्हारला प्रवरा भेटते आणि मग संगमनेर, अकोले, राजूर असं तुम्ही जवळपास नदीच्या उलट्या दिशेनं, तिच्या उगमाकडं जात राहता. मॅपवर बघा, मजा येते. प्रवरा उगम पावते रतनगडाच्या परिसरात. भंडारदऱ्याला तिच्यावर १९२६ साली पूर्ण झालेलं धरण आहे, आणि त्या पाण्यावर खालचा हा ऊसपट्टा उभा राहिला. तीच नदी पुढं गोदावरीला मिळते, म्हणून दुष्काळी वर्षात 'वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडा' हे भांडण पेपरात येतं.

आण्णांना कळसूबाईला यायचं होतं ते याचसाठी. शिखराचं त्यांना फार कौतुक नव्हतं. "एवढं पाणी येतंय कुठनं, ती जागा बघायचीय," एवढंच म्हणाले होते. आमची द्राक्षबाग होती. २०१८ च्या दुष्काळात टँकरनं जगवली, मग तोडली. तीन बोअर मारले, तिन्ही कोरडे. गेली दोन वर्षं मी पगारातून पैसे बाजूला ठेवतोय, चौथ्या बोअरसाठी. फोनवर विषय काढला की आण्णा म्हणायचे, "बघू." घरी गेलो की कामाला निघून जायचे.

एसटीत निघून जाता येत नाही.

संगमनेर ते अकोले गाडीत तुफान गर्दी होती, शाळा सुटलेली. आम्ही दोघं उभे. शेजारी एक अकोल्याचे शेतकरी होते, आण्णांच्याच वयाचे. दोघांची ओळख पाच मिनिटांत, मग पीक, मग पाणी. त्यांना आण्णा सांगत होते, मला नाही, "पोरगं पैसं देतंय बोअरला. पर जमिनीत असलं तर लागंल ना. त्याचं पैसं मातीत घालायचं भ्या वाटतं." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. दोन वर्षांच्या 'बघू'चा अर्थ मला असा तिसऱ्या माणसाच्या निमित्तानं कळला.

राजूरला पोचेपर्यंत साडेपाच. इथून पुढं रस्ता वळणांचा आणि खड्ड्यांचा, ज्यांना गाडी लागते त्यांनी रिकाम्या पोटी बसू नका. रंधा धबधबा, मग शेंडी, मग बारी. आमची ही पाचवी आणि शेवटची गाडी. निम्मे प्रवासी बाजार करून परतणारे, कुणाच्या पायाशी तेलाचा डबा, कुणाकडं कोंबडी. अशा गाड्या ट्रेकरसाठी नाहीत, गावासाठी आहेत, आपण त्यात फुकटचे पाहुणे. बॅगा सीटवर ठेवू नका. वेळा मोसमाप्रमाणं बदलतात, त्यामुळे नेटवरच्या वेळापत्रकावर न जाता राजूरच्या स्टँडवर विचारा.

बारीत सात वाजता अंधारात उतरलो. एका घरात जेवण आणि झोपायची सोय झाली. नाचणीची भाकरी, पिठलं.

ट्रेकबद्दल थोडक्यात. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. पहाटे निघा, ऊन लागायच्या आत वर पोचा. आण्णा माझ्यापेक्षा हळू पण न थांबता चढले. वरून भंडारदऱ्याचं पाणी दिसतं, लांबच लांब. पलीकडं घाटघर, ज्याला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. आमच्याकडं वर्षाला पाऊस पडतो पाचशे-सहाशे मिलिमीटर, तिथं हजारोंत मोजतात.

आण्णा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "बोअर नको. शेततळं करू. पडंल तेवढं तरी धरून ठिवू." मी विचारलं, अस्तराच्या कागदाला किती लागतील? तर आकडा तोंडपाठ होता त्यांचा.

परतीच्या गाडीत संगमनेरपर्यंत आम्ही मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर खोदाईचा हिशोब करत होतो. खड्ड्यांत बोट दुसऱ्याच आकड्यावर पडायचं, मग पुन्हा पहिल्यापासून.