परीक्षा घरी आली तेव्हा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिलेला विषय असा आहे: 'साथीच्या काळातील महाविद्यालयीन प्रवेश आणि आईबाप'. हा विषय ऐकून काहींच्या मनात येईल की, साथ ओसरली, त्या वेळच्या मुलांना कोठे ना कोठे प्रवेश मिळाले, आता हे जुने दळण पुन्हा दळण्यात काय हशील? शंका रास्त आहे. परंतु साथ गेली तरी प्रवेश दर जूनमध्ये येतातच, आणि त्या दोन वर्षांत आपल्या घरांत जे उघडे पडले ते इतर वर्षी झाकलेले असते इतकेच. माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. 2021 साली परीक्षा रद्द झाली असे आपण म्हणतो. वस्तुतः ती रद्द झाली नाही. ती मंडळाच्या केंद्रातून उठली आणि आपल्या घरात येऊन बसली, आणि परीक्षकाची रिकामी खुर्ची आईबापांच्या पुढे आली. तिच्यात बसावयाचे की नाही, हा त्या काळातला खरा प्रश्न होता.

प्रथम काय घडले ते क्रमाने आठवू या, कारण माणसाची स्मृती संकटाच्या बाबतीत फार घाईने झाडू मारते.

मार्च 2020 मध्ये बारावीचे पेपर कसेबसे संपले. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा 23 मार्चला व्हावयाचा होता. तो आधी पुढे ढकलला गेला आणि मग झालाच नाही. इतर विषयांच्या सरासरीने त्याचे गुण देण्यात आले. निकाल एरवी मे-जूनमध्ये लागतात. त्या वर्षी बारावीचा 16 जुलैला आणि दहावीचा 29 जुलैला लागला. अकरावीची पहिली फेरी झाली, दुसरीची यादी लागणार तोच 9 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली आणि प्रवेश थांबले. ते पुन्हा सुरू होण्यास नोव्हेंबरची अखेर उजाडली. बारावी झालेल्या मुलांची स्थिती याहून बरी नव्हती. अभियांत्रिकीची अखिल भारतीय परीक्षा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, वैद्यकीयची नीट 13 सप्टेंबरला, राज्याची सीईटी ऑक्टोबरात, आणि तिचा निकाल 28 नोव्हेंबरला. मार्चमध्ये लेखणी खाली ठेवलेल्या मुलाला आपण पुढे काय होणार याचा पत्ता लागण्यास आठ महिने लागले. सतरा-अठरा वर्षांच्या वयात आठ महिने म्हणजे किती, हे आपण मोठी माणसे विसरून गेलेलो असतो.

दुसरे वर्ष पहिल्याहून विलक्षण. 2021 च्या एप्रिलात दहावीची आणि जूनमध्ये बारावीची परीक्षा रद्द झाली. मग गुण द्यावयाचे कशावरून? दहावीसाठी सूत्र ठरले: 50 गुण नववीच्या निकालावरून, 30 दहावीतल्या अंतर्गत लेखी मूल्यमापनावरून, 20 तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेंवरून. आता गंमत पाहा. याच मुलांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा टाळेबंदीमुळे झाली नव्हती. म्हणजे नववीच्या पहिल्या सत्रात, जेव्हा कोणालाही साथीची कल्पना नव्हती, तेव्हा एखादे मूल जे सहज म्हणून लिहून आले होते, त्यावर त्याची दहावी बरीचशी उभी राहिली. 16 जुलैला निकाल लागला: शेकडा 99.95 उत्तीर्ण. त्या दिवशी निकालाचे संकेतस्थळच काही तास बंद पडले. आणि जी मुले परीक्षेस बसलीच नव्हती, त्यांच्या हाती प्रवेशपत्रे नव्हती. त्यांना निकाल पाहण्यासाठी आधी स्वतःचा बैठक क्रमांक शोधावा लागला! न बसलेल्या परीक्षेचा बैठक क्रमांक. आमच्या एखाद्या प्रहसनकाराला ही कल्पना सुचली असती तर आपण तिला अतिशयोक्ती म्हटले असते.

इतक्यावर संपले नाही. अकरावीसाठी 21 ऑगस्टला शंभर गुणांची ऐच्छिक प्रवेशपरीक्षा जाहीर झाली. मुलांनी पुन्हा पुस्तके काढली. 10 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती परीक्षा रद्द ठरवली. न्यायालयाच्या निर्णयाविषयी मला काही म्हणावयाचे नाही. इतर मंडळांच्या मुलांवर अन्याय होऊ नये, साथीत मुलांचा जीव धोक्यात पडू नये, ही कारणे क्षुल्लक नव्हेत. मी पाहतो आहे तो त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडे. त्याला सहा महिन्यांत प्रथम सांगितले अभ्यास कर, मग सांगितले परीक्षा नाही, मग सांगितले दुसरी परीक्षा आहे, आणि शेवटी सांगितले की तीही नाही.

आता आईबापांच्या वाट्याला काय आले ते पाहू.

पूर्वी बापाचे काम फी भरण्याचे आणि आईचे काम पहाटे उठवून चहा देण्याचे, असा एक ठोकळेबाज हिशेब होता. साथीने तो मोडला. शाळा बंद, शिकवणी बंद, मित्र बंद. घरात मोबाईल एक आणि शिकणारी मुले दोन, ही स्थिती असंख्य घरांची होती. बापाचा धंदा बसलेला. तरी मुलाच्या वर्गासाठी फोनमध्ये पैसे भरावयाचेच. दाखले काढावयाचे तर कचेऱ्या अर्ध्या माणसांवर चाललेल्या. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयरचे प्रमाणपत्र: एकेका कागदासाठी सेतू केंद्रापुढे अंतर राखून उभे राहावयाचे, आणि आपला नंबर येईपर्यंत केंद्र बंद होणार नाही ना, ही धास्ती. नीटच्या दिवशी मुंबईत परीक्षार्थींना आणि त्यांच्या सोबतच्या पालकांना लोकलने जाण्याची खास मुभा द्यावी लागली, यावरून इतर दिवशी प्रवासाची काय अवस्था होती ते ध्यानात यावे. आणि ज्या घरात आई किंवा बाप साथीतच गेला, तेथे तर शेजारच्या काकांनी किंवा थोरल्या बहिणीने अर्ज भरला. अशी घरे आपल्या गावातही आहेत. त्यांची नावे घेण्याचे कारण नाही; आपण सारे त्यांना ओळखतो.

हे कष्ट आईबापांनी केले, आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. परंतु या कष्टांच्या आड आणखी एक गोष्ट घडत होती. मूल चोवीस तास डोळ्यांसमोर होते. ते किती वाजता उठले, किती वेळ पडद्यापुढे बसले, त्यातला अभ्यास किती आणि खेळ किती, हे सारे आता दिसू लागले. मोजण्याची बाहेरची साधने बंद पडली, तेव्हा आपण घरातली काढली. दर जेवणाला तोंडी परीक्षा होऊ लागली. "तुझ्या नववीला जर तू लक्ष दिले असतेस" हे वाक्य त्या वर्षी किती घरांत उच्चारले गेले असेल! जे वर्ष परत येणार नाही त्याबद्दल मुलाला बोल लावून मिळावयाचे काय होते? बोलणाऱ्याची भीती तेवढी क्षणभर हलकी होत होती. भीती बापाची आणि तिचे ओझे मुलाच्या डोक्यावर, असा तो व्यवहार होता.

मी आईबापांवर आरोप करीत नाही. माणूस जेव्हा पुढचे काही सांगू शकत नाही, तेव्हा तो मागचे उकरतो. हा स्वभाव आहे. परंतु स्वभाव आहे म्हणून तो योग्य ठरत नाही. परीक्षक पुष्कळ मिळतात. मंडळ परीक्षक आहे, महाविद्यालय परीक्षक आहे, उद्या नोकरी देणारा परीक्षकच आहे. मुलाला आईबाप मात्र एकदाच मिळतात, आणि त्यांनीही परीक्षकाची खुर्ची घेतली, तर बाकी जागा कोणाची उरली?

मग आईबापांनी करावयाचे तरी काय? हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. त्या दोन वर्षांच्या अनुभवावरून मला तीन गोष्टी सुचतात, आणि त्या साध्या आहेत.

पहिली, कागद आणि तारखा आईबापांनी सांभाळाव्यात. एक वही करावी. तीत कोणता दाखला केव्हा लागेल, अर्जाचा पहिला भाग केव्हा, दुसरा केव्हा, हे लिहावे. हे काम मोठ्या माणसांचे आहे. मुलाची उमेद कचेरीच्या रांगेत खर्ची पडू नये.

दुसरी, निवड मुलाची असावी, आणि तिचा अर्थ त्याला आधी समजावून द्यावा. त्या वर्षांत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आणि अमरावती येथे अकरावीच्या ऑनलाइन अर्जात दहापर्यंत महाविद्यालये पसंतीक्रमाने लिहावयाची होती; 2025 पासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश राज्यभर झाले. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि ते घेतले नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर, असा त्या वेळी नियम होता. कित्येक घरांत पहिले नाव बापाच्या हौसेचे, दुसरे मामाच्या सल्ल्याचे, आणि मुलाच्या मनातले सातवे! यादी लागल्यावर मग घरात रडारड. यादी भरण्यापूर्वी एक संध्याकाळ घरच्यांनी एकत्र बसावे. येण्याजाण्याचा खर्च किती, फी किती, घरात पैसा किती, हेही मुलाला मोकळेपणाने सांगावे. सोळा वर्षांच्या मुलाला पैशाची अडचण कळते; त्याला कळत नाही ते हे, की आपल्यापासून ती लपवतात का.

तिसरी गोष्ट कठीण. जे कोणाच्याच हाती नाही, त्याबद्दल "मलाही ठाऊक नाही" असे मुलाजवळ म्हणता आले पाहिजे. 2020 च्या सप्टेंबरात प्रवेश थांबले तेव्हा ते केव्हा सुरू होतील हे कोणत्याच बापाला माहीत नव्हते. तरी खोटा धीर देणारे पुष्कळ होते, आणि खोटी भीती घालणारे त्याहून पुष्कळ. ज्या आईने सांगितले की, "केव्हा होईल ते मला माहीत नाही, पण होईल तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, तोवर आपण जेवून घेऊ," तिने आपल्या मुलाला कोणत्याही शिकवणीवर्गाने दिले नसते असे काहीतरी दिले.

आता एक आक्षेप येईल. "हे सारे ठीक, पण मोजमाप न करता मुले बिघडली त्याचे काय? परीक्षा न देता पास झालेली ती पिढी शेवटी कच्चीच राहिली." या मुलांना 'कोरोना बॅच' म्हणून हिणवलेले आपण सर्वांनी ऐकले आहे. लग्नसमारंभात, बसमध्ये, नातेवाइकांच्या घोळक्यात तोंडावर म्हटलेले ऐकले आहे. त्यांना एवढेच सांगावयाचे की, 2021 साली परीक्षा न देता दहावी झालेल्या मुलांची मंडळाची पहिली खरी परीक्षा 2023 साली बारावीची झाली. पूर्वीप्रमाणे केंद्रात जाऊन, लेखी. तिचा निकाल शेकडा 91.25 लागला. साथीपूर्वी, 2019 साली, तो 85.88 होता, टाळेबंदीच्या आधी पेपर झालेल्या 2020 साली 90.66 होता. उत्तीर्णांचा आकडा म्हणजे सगळी विद्या नव्हे, हे मीही जाणतो. काही मुलांच्या अभ्यासात खोल खड्डे पडले, काहींचे शिक्षणच सुटले, आणि ही हानी मोठी आहे. परंतु हिणवणाऱ्यांनी त्या मुलांना आकड्यांवरून हिणवले होते. तेव्हा आकड्यांचे उत्तर ऐकून घेणे त्यांना भाग आहे. ही मुले लिहू शकत नव्हती असे नाही. त्यांना लिहावयास दिले गेले नव्हते.

शेवटी आपणा नगरवासीयांविषयी एक शब्द. प्रत्येक घरी अर्ज भरणारा शहाणा माणूस असतोच असे नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला, तो पुढे पुण्याकडे पसरला, लोक गाव सोडून माळावरच्या झोपड्यांत राहिले. त्या वेळी आईबापांपुढे मूल जगवण्याचा प्रश्न होता, कारण उच्च शिक्षण फार थोड्यांच्या वाट्याचे होते. आज मजुराची मुलगीही महाविद्यालयाचा अर्ज भरते. ही आपल्या समाजाने केलेली मोठी मजल आहे, आणि म्हणूनच आज साथ आली म्हणजे जिवाबरोबर ही मजलही धोक्यात येते. ज्या आईला अक्षर वाचता येत नाही, तिनेही मुलीच्या प्रवेशासाठी उपास केले असतील. पण पसंतीक्रमाचा रकाना उपासाने भरत नाही. तेथे शेजाऱ्याने बसावयास हवे. आपल्या वाचनालयात जून-जुलैचे दोन महिने रोज संध्याकाळी तासभर दोन जाणती माणसे बसली, तर गावातल्या अशा किती मुलामुलींचे काम होईल, याचा चालकांनी विचार करावा. साथ पुन्हा केव्हा येईल हे सांगता येत नाही. जून मात्र दीड-दोन महिन्यांवर आला आहे.