मासळी आणि करोनाची भीती

मासळी खाल्ल्याने कोविड झाल्याचा एकही सिद्ध दाखला नाही. तरी संशय मासळीवर आला, तो वुहानमुळे. डिसेंबर 2019मध्ये तिथल्या पहिल्या रुग्णांपैकी अनेकांचा हुआनान मासळी बाजाराशी संबंध निघाला. त्या बाजारात जिवंत रानटी जनावरेही विकली जात, आणि संशोधकांची नजर वळली ती त्या सस्तन प्राण्यांकडे. वर्सोवा, मढ, गोराईच्या कोळीवाड्यांपर्यंत मात्र ‘मासळी बाजार’ एवढेच नाव पोहोचले.

करोना विषाणूंचे चार गट आहेत. कोविडचा विषाणू ज्या गटातला, तो सस्तन प्राण्यांत वावरतो. पाण्यातल्या जीवांपैकी बेलुगा देवमासा आणि डॉल्फिन यांच्यात एका वेगळ्या गटाचे करोना विषाणू सापडले आहेत. पण हे दोघेही फुप्फुसाने श्वास घेणारे सस्तन प्राणीच. सुरमई, पापलेट, बोंबील, कोलंबी यांना कोविडच्या विषाणूची लागण झाल्याचे आढळलेले नाही.

बाहेरून विषाणू चिकटण्याचा प्रश्न निराळा. बाधित माणूस मासळीवर खोकला, तर थंडाव्यात विषाणू बराच टिकतो. प्रयोगशाळेत 4 अंश तापमानाला तो सामन माशावर आठवडाभर जिवंत राहिला. ऑक्टोबर 2020मध्ये चीनमधील छिंगदाओ बंदरात आयात केलेल्या गोठवलेल्या मासळीच्या वेष्टनावरही जिवंत विषाणू मिळाला. नीट शिजवलेल्या कालवणात मात्र तो तग धरत नाही.

तिसऱ्या, कालवे, शिणाणे हे जीव पाणी गाळून अन्न मिळवतात, त्यामुळे सांडपाण्यातले जंतू त्यांच्यात साठतात. स्पेनच्या किनाऱ्यावरील शिंपल्यांत कोविड विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे अंश सापडले. तेवढ्याने लागण होते असे नाही. मैल्याने दूषित खाडीतल्या अर्धकच्च्या शिंपल्यांमुळे होणारी कावीळ आणि अतिसार हा त्याहून फार जुना आणि खरा धोका आहे. त्याकडे अधिक लक्ष जायला हवे.

बाजारात कोविड पसरला तो माणसाकडून माणसाकडे. लिलावाच्या वेळी खांद्याला खांदा लागतो, मोठ्याने बोली होते, आणि पाटी घेऊन बसलेल्या कोळणीसमोर दिवसभर गिऱ्हाइके येत राहतात. तिच्यापासून गिऱ्हाइकाला जेवढा धोका, त्याहून गर्दीचा तिलाच अधिक. 10 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने मासेमारीला टाळेबंदीतून सूट दिली, तीही अंतर आणि स्वच्छता पाळण्याच्या अटीवर. विषाणूचे आवरण स्निग्ध असते आणि साबणाने ते फुटते. म्हणून मासळी हाताळल्यावर हात, विळी आणि पाट साबणाने धुणे पुरेसे ठरते.