घरात एकच गाडी, आणि तीही स्पोर्ट्स बाईक?

भाकऱ्या थापत असाल तर थापता थापता ऐका, हात थांबवायची गरज नाही.

आज मी मोटारसायकलवर बोलणार आहे. काहीजणी म्हणतील, हा तर पोरांचा विषय. पण गटाची समन्वयक म्हणून मी कर्जाच्या मागण्या वाचते, त्यामुळे मला तो आपलाच विषय वाटतो. बैठकीत अंतर्गत कर्ज मागितलं की वहीत कारण लिहावं लागतं. खत-बियाणं, म्हैस, शिलाई मशीन, दवाखाना, मुलीची फी, ही कारणं जुनीच. हल्ली त्यात 'मुलाच्या गाडीचं डाऊन पेमेंट' हे नवं कारण आलंय. कुठली गाडी, असं विचारलं की उत्तर येतं, "ती हो, पुढे वाकून चालवतात ती." बाकीच्या हसतात. जिने कर्ज मागितलंय ती हसत नाही, कारण तिच्या घरात दोन दिवस पोरगं धड जेवलेलं नसतं.

पोरांना हे वेड लागतं कुठून, ते आपल्याला माहीत आहे. शनिवार-रविवार पावसाळ्यात लायन्स पॉइंटच्या रस्त्याला किंवा पवना धरणाकडे बघा. मुंबई-पुण्याहून रांगाच्या रांगा येतात, रंगीत गाड्या, अंगात जॅकेट. आपली पोरं चहाच्या, मक्याच्या टपरीवर उभी राहून बघत असतात. पण त्यातल्या बहुतेकांच्या घरी सोमवारी ऑफिसला जायला दुसरी गाडी असते, स्कूटर असते, नाहीतर चारचाकी. ती वाकडी गाडी त्यांची रविवारची गाडी. आपल्याकडे मागणी असते ती घरातल्या एकुलत्या एका गाडीची. तीच चाकणला कामावर न्यायची, तिच्यावरच सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, दुधाची किटली, तांदळाची गोणी, गॅसची टाकी, सगळं तिच्यावरच.

या गाड्या तशा आपल्या शेजारच्याच. आपल्या वडिलांच्या पिढीनं बजाजची चेतक पाहिली. नवरा-बायको, पुढे उभं एक पोर, मधे दुसरं, आणि पायाशी पिशवी. कंपनीनं २००९ मध्ये पेट्रोलच्या स्कूटर बनवणं बंद केलं. त्याआधी २००१ मध्ये पल्सर आली आणि गाडी घराची होती ती पोराची झाली. २०१२ मध्ये केटीएमची ड्यूक आली, ती तर तळेगावपासून वीसेक किलोमीटरवर चाकणला बनते. आपल्याच घरातली मुलं त्या भागातल्या कारखान्यांत कामाला आहेत. रोज दिसणारी, कधी हातानं जोडलेली वस्तू आपल्याकडेही असावी असं त्यांना वाटलं तर त्यात वावगं काही नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

आता गाडीकडे बघू. आपली स्प्लेंडर साधारण ११२ किलोची, ताकद आठेक हॉर्सपॉवर, सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटर. यामाहाची आर-वन-फाइव्ह १४० किलोच्या पुढची, ताकद अठरा हॉर्सपॉवर, सीट ८१५ मिलिमीटर. केटीएमची आरसी ३९० तर १७० किलोच्या वर आणि ताकद त्रेचाळीस. म्हणजे स्प्लेंडरच्या पाचपट. या गाड्यांचे हँडल खाली असतात आणि पाय ठेवायची जागा मागे असते. वेगात वारा छातीवर येतो तेव्हा शरीर पेलतं. पण तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रेलरच्या मागे अर्धा तास रांगत जायचं झालं की सगळा भार मनगटांवर आणि कंबरेवर येतो, आणि मोठ्या इंजिनाची धग मांडीला लागते ती वेगळीच. हँडल फार वळत नाही, त्यामुळे गावातल्या बोळात गाडी फिरवायची तर मागे-पुढे, मागे-पुढे करावं लागतं. चिखलात नुसती आडवी झाली तरी बाहेरचं प्लॅस्टिक फुटतं, आणि ते प्लॅस्टिक बदलायला हजारो रुपये जातात.

मागची सीट मात्र मी प्रत्येकीला हात लावून बघायला सांगते. ती सीट उंचावर असते, आणि वहीच्या आकारापेक्षा फार मोठी नसते. तिच्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून, चालवणाऱ्याला धरून बसायचं असतं. साडी नेसून एका अंगाला बसायची ती जागाच नाही. नऊवारीतल्या आजींना तर चढताही येणार नाही. मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मोटारसायकलला मागच्या माणसासाठी धरायला कायमचा हात हवा, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागचं निम्मं चाक तरी झाकणारं संरक्षण हवं. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. पुष्कळ पोरं गाडी घरी आली की गाडी 'जड दिसते' म्हणून पहिल्यांदा तेच काढून टाकतात. पदर, ओढणी चाकात गेल्यावर काय होतं ते मी रेडिओवर सांगत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सगळ्यात जास्त लागते. आमच्या एका गटातली बाई स्टेशनवर उतरून गावात जायला मुलाची जुनी स्कूटर चालवायची. मसाल्याची पाकिटं दुकानांत पोचवायची, बँकेत जायची, बैठकीला वेळेवर यायची. स्कूटर मोडीत काढून स्पोर्ट्स बाईक घेतली. आता तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. मुलगा शिफ्टला गेला की ती घरीच, नाहीतर सहाआसनी रिक्षाची वाट बघत. घरातली गाडी मोठी झाली आणि तिचं फिरणं लहान झालं. कर्जाच्या कागदावर सही मात्र तिची आहे. गाडी घेताना वेग, रंग, मायलेज सगळं विचारलं जातं. घरात ती कोणाकोणाला चालवता येणार, हे कोणी विचारत नाही. म्हणून मी आता मागणी आली की हा प्रश्न वहीत लिहायला लावते. उत्तर 'फक्त मुलाला' असलं तर गटानं त्यावर बोलावं.

मुलांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती सगळी खोटी नाही. जुन्या हायवेवर कामशेत ते लोणावळा लहान गाडीवर जाताना मागून ट्रक येतो तेव्हा जोर कमी पडतो, हे खरं आहे. ब्रेकचंही तसंच. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. लोणावळ्यात एका पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, घाटात धुकं, रस्त्यावर डंपरचा चिखल, तिथे या ब्रेकची किंमत कळते. लहान गाड्यांपैकी बहुतेकांना हे नसतं. तेव्हा 'स्पोर्ट्स बाईक म्हणजे अपघात आणि स्प्लेंडर म्हणजे सुरक्षित' असं आपण आया जे म्हणतो, ते अर्धंच बरोबर आहे. पण पोरं 'एक्स्प्रेस वे जवळ आहे ना' म्हणून मोठी गाडी मागतात, तेव्हा त्यांना सांगा की पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदीच आहे. तुमच्या वाट्याला जुना हायवे, कान्हे फाटा आणि टाकव्याचा रस्ता, आणि तिथे त्रेचाळीस हॉर्सपॉवर कुठे लावणार?

आता पैशाचं, म्हणजे आपल्या हातातलं.

शोरूममध्ये फायनान्सवाला म्हणतो, "ताई, फक्त नऊ टक्के." विचारायचं, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? दोन लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी नऊ टक्के फ्लॅटनं घेतलं तर व्याज होतं ५४ हजार आणि हप्ता सात हजार पंचावन्न रुपये. आपल्या गटात आपण उरलेल्या मुद्दलावर व्याज लावतो, त्या पद्धतीनं हेच कर्ज सोळा टक्क्यांच्या वर पडतं. गटाच्या महिना एक टक्क्यानं, घटत्या शिलकीवर, हप्ता सहा हजार सहाशे त्रेचाळीस होतो. मागच्या महिन्यात हे गणित फळ्यावर मांडलं तेव्हा एका सातवी शिकलेल्या काकूंनी माझ्या आधी उत्तर सांगितलं. आपल्याला व्याज कळतं, मैत्रिणींनो, शोरूमच्या एसीत बसल्यावर विचारायची लाज वाटते इतकंच.

पुढे पेट्रोल. तळेगाव ते चाकण येऊन-जाऊन चाळीस किलोमीटर धरा, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे हजार किलोमीटर. शंभर सीसीची गाडी साठाचं मायलेज देत असेल तर सतरा लिटर लागतं. आरसी ३९० सारखी गाडी पंचवीस-सत्तावीसचं देते, तिला सदतीस ते चाळीस लिटर. वीस लिटरचा फरक, आणि लिटरचा भाव शंभराच्या पुढे. विम्याचंही बघा. २०२२ च्या दरांप्रमाणे थर्ड पार्टी विमा १५० सीसीपर्यंत वर्षाला ७१४ रुपये, ३५० पर्यंत १३६६ आणि त्याच्या वर २८०४. नव्या गाडीला पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीलाही तीच ३५० सीसीची रेघ आहे, खाली १८ टक्के आणि वर ४०. आरसी ३९० चं इंजिन ३७३ सीसीचं, रेघेच्या पलीकडे. रुंद, मऊ टायर लवकर झिजतात, तो खर्च पोरगं सांगत नाही. त्याला तो माहीतच नसतो.

मग मी काय सुचवते? घरात दुसरी चालती गाडी असेल, मुलाचं स्वतःचं पगारपत्रक असेल, हप्ता त्याच्या खात्यातून जाणार असेल, तर त्यानं त्याची हौस करावी, आपण हेल्मेट घेऊन द्यावं. घरात एकच गाडी असेल तर स्पोर्ट्स बाईक नको, असं माझं स्पष्ट मत आहे. दीडशे-एकशेसाठ सीसीची, सरळ हँडलची, लांब सलग सीटची, एबीएस असलेली गाडी घ्या. ती हायवेवर दमत नाही, पोराला अगदीच म्हातारी वाटत नाही, आणि तुम्ही मागे नीट बसता. घरातली बाई किंवा मुलगी चालवणार असेल तर एकशेदहा किंवा एकशेपंचवीसची स्कूटरच घ्या, सीट सातशे पासष्ट मिलिमीटरच्या आसपास असते, पाय पक्के टेकतात. आर-वन-फाइव्हचंच इंजिन असलेली सरळ हँडलची एमटी-फिफ्टीनही मिळते, तोही मधला मार्ग म्हणून मुलं पुढे करतात. मनगटाचा प्रश्न तिथे सुटतो, मागच्या सीटचा सुटत नाही.

अकरावी-बारावीतल्या मुलांच्या आयांनी वेगळं ऐकावं. अठराच्या आत गिअरच्या या गाड्यांचं लायसन्स मिळत नाही. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. अनुदान किंवा व्याजाच्या सवलतीसाठी गाडी आईच्या नावावर घ्यायची पद्धत पडली आहे, म्हणजे मालक तुम्ही.

शोरूमला जाताना मुलाबरोबर स्वतः जा, साडी नेसून, रोजच्या चपलेत. ट्रायल मागा आणि मागे तुम्ही बसा, एक चढ आणि एक गतिरोधक येईपर्यंत. कोटेशन लेखी घ्या. त्यात गाडीची किंमत, रस्ता कर, विमा, हँडलिंग म्हणून लावलेली रक्कम, अॅक्सेसरीज, सगळं वेगळं लिहून मागा. नको असलेल्या अॅक्सेसरीज काढायला सांगा, काढतात. आयएसआय खूण असलेली हेल्मेटं दोन घ्या, कायद्यानं मागच्यालाही लागतंच. आणि तीन वर्षांनी शेवटचा हप्ता गेला की थांबू नका. फायनान्स कंपनीकडून ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. आमच्याकडे कितीतरी जणींचं कर्ज फिटलं आहे आणि बोजा अजून तसाच आहे, गाडी विकायला काढली की मग धावपळ. ज्यांचं असं राहिलंय त्यांनी पुढच्या बैठकीला आरसी बुक बरोबर आणा, अर्ज मी भरून देते.