झीज कोणाची, बिल कोणाचे?



खेड्यापाड्यांत आता मोटारगाडीचे नवल राहिलेले नाही. गुरुजी तालुक्याच्या गावाहून गाडीने शाळेत येतात, भाजीपाला टेंपोने बाजाराला जातो, मुले जीपमध्ये बसून हायस्कूल गाठतात. गाडी आली, तशी तिच्या दुरुस्तीची कटकटही आली. त्यातली एकच कटकट आज समजून घेऊ. गाडीचे धक्के सोसणारे भाग वेळेआधी झिजतात, वॉरंटी नुकतीच संपलेली असते आणि मग बिल कोणी भरायचे यावरून मालक आणि कंपनी यांच्यात जुंपते.

हे भाग करतात काय, ते आधी पाहू. चाक खड्ड्यात आदळले की तो दणका स्प्रिंग किंवा पाटे सोसतात. पण नुसती स्प्रिंगच असती, तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ वरखाली झुलत राहिली असती. हे झुलणे थांबवतो शॉक ॲब्सॉर्बर. गॅरेजवाले त्याला शॉकअप म्हणतात. त्याच्या नळीत तेल असते. आतला दट्ट्या हलला की ते तेल बारीक भोकांतून मोठ्या कष्टाने वाहते आणि झुलण्यातली शक्ती उष्णता होऊन जिरते. खडबडीत रस्त्यावरून लांब जाऊन आल्यावर शॉकअप गरम लागतो, तो याचमुळे. लोखंडी भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून सांध्यात रबरी बुश बसवतात. आणि चाकाला वळताही यावे, वरखाली होताही यावे, म्हणून तिथे बॉल जॉइंट असतो; आपल्या खुब्यासारखाच, वाटीत गोळा बसवलेला.

हे सगळे भाग झिजायचेच. जोड्याचा तळ झिजला म्हणून आपण चांभाराशी भांडत नाही. पण चार दिवसांत तळ सुटला तर मात्र भांडतो, आणि ते बरोबरच आहे. प्रश्न झिजण्याचा नाही; कधी झिजले आणि कशाने झिजले, याचा आहे.

कशाने, याची उत्तरे अनेक. सात माणसांच्या जीपमध्ये बारा कोंबली, तर स्प्रिंग कायमची दबते. टायरमध्ये हवा फार झाली, तर टायरने गिळायचा धक्का पुढे सांध्यांवर जातो. गावोगावी हौसेने घातलेले गतिरोधक तर विचारूच नका. भारतीय रोड काँग्रेसच्या नमुन्याप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे चांगला ऐसपैस चढउतार असायला हवा. आपल्याकडे हातभर रुंदीचा उंचवटा करून ठेवतात आणि प्रत्येक चाक त्यावर घणासारखे आदळते. ही झाली वापराची आणि रस्त्याची कारणे. पण कधी शॉकअपचे सीलच कच्चे निघते, कधी सांध्यावरचे रबरी आवरण नीट बसवलेले नसते आणि आत धूळपाणी शिरून गंज चढतो. हा मालातला दोष. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींचा खडखडाट सारखाच ऐकू येतो, आणि खरे घोडे पेंड खाते ते इथेच.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक शिक्षक रोज २२ किलोमीटर जातात आणि तेवढेच परत येतात. वर्षाचे २२० दिवस धरले तर ९,६८० किलोमीटर होतात. तीन वर्षांत सुमारे २९ हजार. वॉरंटीच्या पुस्तिकेत लिहिलेले आहे : तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते. गुरुजींची तीन वर्षे संपली. किलोमीटरांचा मात्र तिसरा हिस्साही भरला नाही. पुढच्याच महिन्यात दोन्ही शॉकअपमधून तेल गळू लागले, सांधा खडखडू लागला. गॅरेजवाला म्हणतो, "गुरुजी, तुमचा रस्ताच वाईट." गुरुजी म्हणतात, "अहो, त्याच रस्त्यावर शेजाऱ्याची गाडी ऐंशी हजार चालली, तिला काही झालं नाही." कंपनी तारखेकडे बोट दाखवते आणि खापर रस्त्याच्या डोक्यावर फोडून मोकळी होते.

आता कायदा काय म्हणतो? वॉरंटी संपली म्हणजे सगळे हक्क संपले, असे नाही. दुकानातून घेतलेला माल बाजारात खपण्याजोग्या प्रतीचा असलाच पाहिजे, ही अट १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यातच गृहीत धरलेली आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून अमलात आहे. सदोष मालाबद्दल तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पण मालात मुळातच दोष होता, हे दाखवण्याचा भार सहसा तक्रार करणाऱ्यावर असतो. तपासल्याशिवाय दोष ठरत नसेल, तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तो खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो.

दोष ठरला की नवी गाडी मिळेल, अशीही आशा धरू नये. २००६ साली मारुती उद्योगाच्या एका खटल्यात क्लचचा वाद होता. वॉरंटीत दोषी भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलून देण्याचे वचन असेल, तर तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवले. मागणी बेताची आणि नेमकी असावी, हे त्यातून शिकायचे.

परदेशातलेही एक प्रकरण ऐकण्यासारखे आहे. २०१६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात एका टेस्ला मोटारीचा बॉल जॉइंट निकामी झाला. गाडी सत्तर हजार मैलांहून जास्त, म्हणजे लाखावर किलोमीटर, चाललेली, वॉरंटी संपलेली. सांध्यावर नेहमीपेक्षा फार गंज आहे आणि मालक लांबच्या कच्च्या रस्त्याला राहतो, असे कंपनीचे म्हणणे. पाहा, रस्त्याचे कारण तिथेही चुकले नाही! शेवटी निम्मा खर्च देण्याची तयारी कंपनीने दाखवली, पण सोबत एक करारनामा पुढे केला. ही गोष्ट बाहेर बोलायची नाही, असा त्याचा रोख होता. तिथल्या वाहतूक-सुरक्षा खात्याने त्यावर आक्षेप घेतला आणि कंपनीला मजकूर बदलावा लागला. सुरक्षिततेला बाधक दोष या खात्याला आढळला नाही, असे पुढे कंपनीने सांगितले. म्हणजे दोष कोणाचा, हा वाद बाजूला राहिला. तरी कागदावर सही करण्याआधी तो वाचावा, हा धडा उरलाच. आपल्याकडेही 'सद्भावना म्हणून निम्मे आम्ही देतो' असे सांगतात. घ्यावे, जरूर घ्यावे. पण बाकीचे हक्क सोडल्याचे त्यात लिहिलेले नाही ना, ते पाहूनच.

तुम्ही म्हणाल, बाहेरच्या मिस्त्रीकडे काम केले की वॉरंटीच रद्द, अशी भीती घालतात, त्याचे काय? २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे, हे त्याचे कारण होते. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी नाकारू नका, असेही आयोगाने बजावले. पुढे त्यावर अपिले झाली. पण सुट्या भागांच्या चढ्या किमतीमागचे एक कारण त्यामुळे लोकांसमोर आले.

मग करायचे काय? सोपे आहे, पण वेळेवर करायला हवे. वॉरंटी संपण्याच्या महिनाभर आधी गाडी उचलून खालून तपासून घ्या. तेलाचा ओघळ, फाटलेले रबर, आतल्या बाजूने कुरतडल्यासारखा झिजलेला टायर, ही लक्षणे पाहा. गाडीचा कोपरा दाबून सोडा. तो एकदा वर येऊन स्थिरावला पाहिजे, डुलत राहता कामा नये. काही आढळले तर तोंडी सांगू नका. जॉबकार्डवर तारीख आणि किलोमीटर घालून तक्रार लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. वॉरंटीत असताना केलेली लेखी तक्रार नंतर फार कामाला येते. प्रत्येक सर्व्हिसचे बिल जपा. काढलेला जुना भाग ताब्यात घ्या; तोच तुमचा साक्षीदार. आणि शक्य तर कंपनीशी संबंध नसलेल्या जाणत्या मिस्त्रीकडून भाग कशाने गेला, ते लिहून घ्या.

एवढे करूनही दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे भागले नाही तर जिल्हा आयोग आहेच. आपण जिथे राहतो तिथल्याच आयोगाकडे तक्रार करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. पाच ते दहा लाखांपर्यंत ते २०० रुपये आहे. धंद्यासाठी घेतलेली गाडी सहसा या कायद्यात बसत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी जो एकच टेंपो किंवा जीप घेतो, तो ग्राहकच ठरतो.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगतो. वाद चालू आहे म्हणून खडखडणारा सांधा तसाच चालवू नका. बॉल जॉइंट निखळला की चाक फाकते आणि गाडी हाती राहत नाही. त्या जीपमध्ये कोणाची तरी मुले बसलेली असतात. आधी तपासणी लिहून घ्या, फोटो काढा, जुना भाग बांधून ठेवा आणि दुरुस्ती उरकून टाका. भांडण बिलाचे आहे. ते कागदांवर खुशाल वर्षभर चालू द्या. शिक्षकबंधूंनी हा हिशेब वर्गात मुलांपुढे एकदा मांडून पाहावा. जॉबकार्ड वाचता येणे हेही आज साक्षरतेतच मोडते.