नास्तिकांशीं वाद आणि आपली श्रद्धा
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं पूर्वजांच्या श्रद्धेचे गोडवे गाणें उचितच होय. परंतु जी श्रद्धा त्यांनीं आपल्या हातीं दिली, तिचें समर्थन चारचौघांत करण्याचा प्रसंग आल्यास आपण काय करतों? आपलीं मुलें महाविद्यालयांत जातात. तेथें कोणी विचारतो, "देव आहे हें कशावरून?" मुलगा तोच प्रश्न घरीं आईबापांपुढें ठेवतो, आणि पुष्कळदां त्यास उत्तर मिळतें तें "गप्प बैस" एवढेंच. प्रश्न गप्प बसत नाहीं. मुलगा मात्र बसतो, आणि एके दिवशीं मिस्साबलिदानालाही येईनासा होतो. म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संत पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत सांगतो कीं, आपल्या आशेचें कारण विचारणाऱ्या प्रत्येकास उत्तर देण्यास ख्रिस्ती मनुष्यानें सिद्ध असावें, आणि तें उत्तर सौम्यतेनें व आदरानें द्यावें. या आज्ञेचे दोन भाग आहेत. पहिला मौनाचा निषेध करतो, दुसरा उर्मटपणाचा. दोन्ही सारखेच बंधनकारक आहेत.

याचा एक उत्तम दाखला इंग्लंडांत घडला. २८ जानेवारी १९४८ रोजीं बी. बी. सी. नभोवाणीवर ईश्वराच्या अस्तित्वाविषयीं एक वादसंवाद झाला. एका बाजूस जगद्विख्यात तत्त्ववेत्ते बर्ट्रांड रसेल, वय ७५. आपण ख्रिस्ती कां नाहीं, हें त्यांनीं १९२७ सालींच लंडनमधील एका व्याख्यानांत सांगितलें होतें. दुसऱ्या बाजूस येशूसंघाचे फादर फ्रेडरिक कोपल्स्टन, वय ४०.

फादरांनीं एकदम प्रमाणें फेकण्यास आरंभ केला नाहीं. 'ईश्वर' म्हणजे जगाहून भिन्न असा, जगाचा उत्पन्नकर्ता परमपुरुष, हा अर्थ उभयतांनीं आधीं ठरविला. मग त्यांनीं रसेलांस विचारलें, ईश्वर नाहीं असें सिद्ध करतां येतें, असें आपलें म्हणणें आहे काय? रसेल म्हणाले, नाहीं. आपण अज्ञेयवादी आहों. पाहा, शब्दांचा अर्थ निश्चित होतांच अर्धें भांडण मिटतें!

नंतर मुख्य युक्तिवाद. मनुष्य आईबापांमुळें जन्मतो, अन्न व हवा यांवर जगतो. जगांतील कोणत्याही वस्तूच्या ठिकाणीं तिच्या अस्तित्वाचें पुरेसें कारण नाहीं. अशा परावलंबी वस्तूंची रास कितीही वाढविली तरी ती परावलंबीच राहणार. चॉकलेटांत चॉकलेटें मिळविल्यानें कांहीं मेंढी होत नाहीं, असा घरगुती दृष्टांत फादरांनीं दिला. रसेलांचा आक्षेपही तितकाच चतुर होता: प्रत्येक माणसास आई असते, म्हणून सबंध मानवजातीस एक आई आहे असें ठरतें काय? फादरांनीं शांतपणें उत्तर दिलें कीं, आपण मालिकेंतील आणखी एक दुवा शोधीत नाहीं. मालिकेच्या पलीकडील कारण शोधतों. रसेलांच्या मतें मात्र जग आहे, इतकेंच. त्यापुढें विचारण्यासारखें कांहीं नाहीं. यावर फादर म्हणाले कीं, बुद्धिबळाच्या पटाशीं बसण्यासच जो नकार देतो, त्याच्यावर मात करतां येत नाहीं.

संवाद संपला तेव्हां दोघेही आपापल्या मतावर कायम होते. मग लाभ काय झाला? ऐकणाऱ्यांस कळलें कीं, ख्रिस्ती मनुष्य प्रश्नाला भीत नाहीं आणि विरोधकाचा द्वेषही करीत नाहीं.

त्यानंतर पांचच दिवसांनीं, २ फेब्रुवारीस, ऑक्सफर्डच्या सॉक्रेटिक क्लबांत दुसरा प्रसंग घडला. सी. एस. लुईस यांनीं चमत्कारांवरील आपल्या १९४७ च्या ग्रंथांत निसर्गवादाविरुद्ध केलेला युक्तिवाद सदोष आहे, असें एलिझाबेथ अॅन्स्कम यांनीं दाखविलें. या बाई नास्तिक नव्हत्या; श्रद्धाळू कॅथोलिक होत्या! लुईसांनीं १९६० च्या आवृत्तींत तें प्रकरण सुधारून लिहिलें. सत्याची बाजू घेतली म्हणून लंगडा पुरावा चालत नाहीं. ऐकीव चमत्कार आणि नास्तिकांच्या मरणसमयींच्या कल्पित कथा सांगून आपण वाद जिंकूं पाहतों, तेव्हां आपल्याच घराचा पाया पोखरतों.

संत थोमा आक्विनो यांची रीत पाहा. ईश्वरास्तित्वाचीं पांच प्रमाणें देण्यापूर्वीं त्यांनीं दोन प्रबळ आक्षेप स्वतःच मांडले: जगांत दुःख व दुष्टता कां, आणि निसर्गानेंच सर्व उलगडत असल्यास ईश्वर कशाला? ज्यास विरोधकाचें म्हणणें त्याच्याइतकेंच नीट मांडतां येत नाहीं, त्यानें व्यासपीठावर चढूं नये. आणि हेंही ध्यानांत ठेवा: पहिला आक्षेप कधीं पंडिताच्या तोंडून येतो, तर कधीं लेंकरूं गमावलेल्या आईच्या. पंडिताला उत्तर द्यावें. त्या आईजवळ मुकाट्यानें बसावें.

ईश्वराचें अस्तित्व मानवी बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशानें निश्चितपणें जाणतां येतें, असें पहिल्या व्हॅटिकन परिषदेनें १८७० सालीं शिकविलें. परंतु श्रद्धा हें देवाचें दान आहे. युक्तिवाद वाटेंतील धोंडे बाजूस सारतो. वाट चालविणारा प्रभूच. अथेन्स येथें अरियोपागावर संत पौल बोलला तेव्हां कांहींनीं थट्टा केली, कांहीं म्हणाले पुन्हां ऐकूं, आणि दियोनिसिय व दामारी यांच्यासह थोडक्यांनीं विश्वास धरिला. पौलासारख्या प्रेषितास जें पीक मिळालें, त्याहून अधिकाची अपेक्षा आपण कां करावी?

तेव्हां मातापित्यांनो, मुलांचे प्रश्न ऐका; उत्तर ठाऊक नसेल तर त्यांच्यासह शोधा. तरुणांनो, धर्मशिक्षण पहिल्या कम्युनियनपाशीं थांबवूं नका. आणि नास्तिक शेजाऱ्याशीं बोलतांना विसरूं नका कीं, प्रभु येशूनें त्याच्यासाठींही आपलें रक्त सांडिलें आहे. वाद हरला तरी चालेल. तो बंधु हरवतां कामा नये.