लाडबोरीत पडलेली कडी

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आभाळातून जळते ठिपके रांगेने सरकत गेले. आपल्या भंडाऱ्याला लागूनच असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत माणसाच्या उंचीहून मोठी धातूची कडी पडली. आसपासच्या गावांत गोल टाक्याही सापडल्या.

अभ्यासकांच्या मते हे तुकडे फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च 3बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे. असा टप्पा उपग्रहाला लांबुळक्या कक्षेत सोडतो. पुढे सुमारे 36 हजार किलोमीटरवरच्या वर्तुळाकार कक्षेत उपग्रह स्वतःच्या इंजिनाने पोहोचतो. मागे उरलेला रिकामा टप्पा दर फेरीला विरळ हवेत घासतो, हळूहळू खाली येतो आणि जळतो. दाबाखालचा वायू साठवणाऱ्या मजबूत टाक्या मात्र तगतात.

रिकामा टप्पा असा मागे सोडून न देता इस्रोने आपल्या पीएसएलव्ही-सी58 रॉकेटचा चौथा टप्पा 650 वरून 350 किलोमीटरवर आणला, उरलेलं इंधनही काढून टाकलं. 21 मार्च 2024 ला तो उत्तर प्रशांत महासागरावर वातावरणात शिरला.

शेतात अशी कडी किंवा टाकी दिसली, तर हात लावू नका. विषारी इंधनाचा अंश असू शकतो. लेकरांना लांब ठेवा आणि पोलीस पाटलांना लगेच कळवा.